न मानणाऱ्याचं काय करायचं?

तत्त्वज्ञ आणि देव हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: अमुक तत्त्वज्ञ आस्तिक होता की नास्तिक? मग याद्या तयार होतात. एका बाजूला प्लेटो, देकार्त, उदयन; दुसऱ्या बाजूला एपिक्युरस, ह्यूम, चार्वाक. आपल्या बाजूला वजनदार नावं जास्त आहेत, याचं समाधान दोन्हीकडच्या लोकांना मिळतं आणि चर्चा तिथेच संपते.

मला ही वाटणीच दिशाभूल करणारी वाटते. अडीच हजार वर्षं माणसं देवाविषयी नेटानं विचार करत आली. देव असल्याचे पुरावे रचले गेले, खोडले गेले, पुन्हा रचले गेले. तो वाद अजून मिटलेला नाही आणि लवकर मिटेल असं दिसतही नाही. पण त्याच्या शेजारीच दुसरा एक प्रश्न उभा होता आणि त्याचं उत्तर प्रत्येक पिढीला द्यावंच लागलं: ज्याला हे पटत नाही, त्या माणसाचं काय करायचं? या प्रश्नावर आस्तिक-नास्तिकांच्या याद्या पार विस्कटतात. देवावर गाढ श्रद्धा असलेला एक तत्त्वज्ञ न मानणाऱ्यासाठी तुरुंग बांधतो, तेवढीच श्रद्धा असलेला दुसरा त्याच्यासाठी प्रार्थना करतो. एखाद्या विचारवंताची देवाबद्दलची भूमिका तोलायची तर त्याच्या पुराव्यांइतकंच हेही पाहायला हवं, असं माझं ठाम मत आहे. कारण शंकेला जिथे शिक्षा लागली, तिथे देवाविषयीचा विचारही खुंटला.

आधी त्या याद्या का टिकत नाहीत ते बघू. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात जन्मलेल्या झेनोफनीजनं म्हटलं होतं की बैलांना आणि घोड्यांना हात असते, तर त्यांनी बैलासारखे आणि घोड्यासारखे देव रंगवले असते. इथिओपियाचे लोक आपले देव काळे आणि बसक्या नाकाचे मानतात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे. चोरी, व्यभिचार, फसवणूक अशा माणसांनाही लाज आणणाऱ्या गोष्टी होमर आणि हेसियड यांनी देवांच्या माथी मारल्या, ही त्याची तक्रार. एवढं वाचून त्याला नास्तिक ठरवावं, तर हाच माणूस पुढे एका सर्वश्रेष्ठ देवाबद्दल बोलतो. तो देहानं किंवा विचारानं मर्त्यांसारखा नाही, असं सांगतो. ॲरिस्टॉटलचा देव साऱ्या विश्वाच्या गतीचं मूळ आहे, पण तो स्वतःच्याच चिंतनात मग्न असतो. त्याला हाक मारून तो धावत येणार नाही. एपिक्युरस देव आहेत असं स्पष्ट सांगतो, फक्त ते आपल्या आनंदात आहेत आणि माणसांच्या व्यवहारात हात घालत नाहीत. सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४५ साली देवांच्या स्वरूपावर एक संवाद लिहिला. त्यात देवाचे पुरावे एकेक करून खोडणारा कोटा हा स्वतः रोमचा धर्माधिकारी आहे आणि पूर्वजांचे विधी तो मनापासून पाळतो. याला कुठल्या यादीत घालायचं?

या बाबतीत सगळ्यात थक्क करणारं उदाहरण कुमारिल भट्टाचं आहे. सातव्या शतकातला हा मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतला पंडित, वेदांचा कट्टर कैवारी होता. बौद्धांशी त्याचं वैचारिक युद्ध प्रसिद्ध आहे. पण जग निर्माण करणाऱ्या ईश्वराची कल्पना त्यानं ज्या निर्दयपणे उलटतपासली, तसं फार थोड्या नास्तिकांना जमलं आहे. सृष्टी नव्हती तेव्हा प्रजापती कुठे होता, कुठल्या रूपात होता? तेव्हा माणसंच नव्हती, तर त्याला पाहिलं कुणी आणि पुढच्यांना सांगितलं कुणी? शरीराशिवाय निर्मितीची इच्छा झाली कशी? आणि शरीर होतं, तर ते कुणी घडवलं? दयेपोटी जग निर्माण केलं म्हणावं, तर दया करायला तेव्हा जीवच नव्हते. शिवाय दयेपोटी केलं असतं तर फक्त सुखाचंच जग केलं असतं. बरं, काहीच हेतू नव्हता म्हणावं, तर 'प्रयोजनमनुद्दिश्य न मन्दोऽपि प्रवर्तते', हेतूवाचून मूर्खसुद्धा हात हलवत नाही. हे वचन आज सुभाषितासारखं वापरलं जातं. ते मुळात सृष्टिकर्त्या ईश्वराविरुद्धच्या युक्तिवादाचा भाग आहे, हे वापरणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावीही नसतं.

ब्रह्मसूत्रांनी आणि त्यांवरच्या शंकराचार्यांच्या भाष्यानं प्रयोजनाच्या या आक्षेपाला उत्तर दिलं ते लीलेचं. ज्याला मिळवायचं काहीच उरलं नाही असा राजा जसा नुसता खेळतो, किंवा श्वास जसा हेतूवाचून आत-बाहेर होत राहतो, तशी ही निर्मिती. त्यालाच लागून पुढचं सूत्र विषमतेचा आणि क्रूरतेचा आरोप विचारात घेतं: कुणी सुखात, कुणी दुःखात, मग ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरत नाही का? उत्तर असं की तो जीवांच्या कर्माप्रमाणे फळ देतो. हे उत्तर पटो न पटो, मला त्यातली शिस्त मोलाची वाटते. आक्षेप दडवलेला नाही. तो पूर्ण ताकदीनिशी मांडला आहे आणि मग त्याला भिडायचा प्रयत्न केला आहे. आक्षेप घेणाऱ्याला बोलू दिलं, म्हणूनच लीलेसारखी कल्पना इतक्या बारकाव्यानं घडली.

आता अथेन्सकडे वळतो, कारण न मानणाऱ्याचा प्रश्न तिथे माणसाच्या जिवाशी आला. प्लेटोच्या 'युथिफ्रो' या छोट्या संवादातला पेच तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक वर्गात शिकवला जातो: एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून ती पवित्र ठरते? पण हा पेच ज्या प्रसंगातून उभा राहतो, त्याकडे क्वचितच लक्ष जातं. धर्मविषयक खटले जिथे दाखल होत, त्या 'राजा' असं पदनाम असलेल्या अधिकाऱ्याच्या ओसरीवर सॉक्रेटिस आणि युथिफ्रो भेटतात. सॉक्रेटिसवर आरोप आहे. युथिफ्रो आपल्या वडिलांवर मनुष्यवधाचा खटला भरायला आला आहे. नॅक्सॉस बेटावर त्यांची शेती होती. तिथल्या एका मजुरानं दारूच्या नशेत घरच्या एका गुलामाला ठार मारलं. वडिलांनी त्या मजुराचे हातपाय बांधून त्याला खड्ड्यात टाकलं आणि आता काय करावं हे धर्मशास्त्र जाणणाऱ्याला विचारायला माणूस अथेन्सला धाडला. माणूस परत येईपर्यंत खड्ड्यातल्या मजुराकडे कुणी पाहिलं नाही. भूक, थंडी आणि बंधनं यांनी तो मेला. निरोप्या यायच्या आतच.

मला या संवादातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तो खड्डा वाटते. त्याच्या काठावर उभ्या असलेल्या कुणालाही, धर्मशास्त्राचं उत्तर न येताही, त्या माणसाला अन्नपाणी द्यायला हवं हे कळू शकत होतं. युथिफ्रो स्वतः बरोबर वागतोय असं आपल्याला वाटतं, पण त्याला कारण विचारलं की तो झ्यूसनं आपल्या बापाला बेड्या घातल्या होत्या ही कथा सांगतो. सॉक्रेटिसचा प्रश्न इथे नेमका लागतो. चांगलं-वाईट हे देवांच्या आवडीवर अवलंबून असेल, तर देवांना काहीही आवडू शकेल आणि ते चांगलंच म्हणावं लागेल. आणि देवांना चांगलं आवडतं ते चांगलं आहे म्हणून, असं मानलं, तर चांगुलपणा ओळखायची वाट देवाकडे न बघणाऱ्यालाही मोकळी राहते. संवाद यावर निकाल देत नाही. पण न मानणारा माणूस नीतिमान असू शकतो का, या पुढच्या दोन हजार वर्षांच्या वादाचं बीज याच प्रश्नात आहे.

त्यानंतर थोड्याच काळात, इ.स.पू. ३९९ मध्ये, सॉक्रेटिसला मृत्युदंड झाला. नगराचे देव तो मानत नाही, नवी दैवतं आणतो आणि तरुणांना बिघडवतो, हे आरोप. आयुष्यभर एका अंतर्दैवी आवाजाचं ऐकणाऱ्या माणसावर हे आरोप व्हावेत! त्याच्या आधी अनॅक्झागोरसला सूर्य म्हणजे तापून लाल झालेला दगड आहे असं म्हटल्यामुळे अथेन्स सोडावं लागलं होतं. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर वारल्यावर ॲरिस्टॉटलवरही अधर्माचा ठपका आला आणि तो कॅल्किसला निघून गेला.

गुरूला मृत्युदंड होताना ज्यानं पाहिलं, त्या प्लेटोनं पुढे काय लिहावं? मला हे दर वेळी वाचताना त्रास होतो. उतारवयात लिहिलेल्या 'लॉज' (म्हणजे 'कायदे') या ग्रंथाच्या दहाव्या भागात त्यानं देव न मानणाऱ्यांसाठी कायदा आखला. देव नाहीत, किंवा आहेत पण माणसांची पर्वा करत नाहीत, किंवा आहेत पण त्यांना वश करता येतं, असं म्हणणारे तिघेही गुन्हेगार. त्यांतला जो स्वभावानं सरळ आहे, ज्याच्या हातून कुणाचं वाईट झालेलं नाही, ज्याला नुसतंच पटत नाही, त्याला किमान पाच वर्षं सुधारगृहात ठेवायचं. तिथे त्याला नगराच्या रात्रपरिषदेचे सदस्यच फक्त भेटतील, त्याला समजावतील. पाच वर्षांनी तो ताळ्यावर आला तर ठीक. पुन्हा दोषी ठरला तर मरण. इथे प्लेटो स्वतःच कबूल करतो की हा माणूस सज्जन आहे. अन्यायाची त्याला चीड आहे, सज्जनांवर त्याचं प्रेम आहे. तरीही शिक्षा आहेच. या कायद्याखाली सॉक्रेटिस वाचला असता का, याची मला खात्री वाटत नाही. नगराच्या दैवतांविषयी चौकात प्रश्न विचारत फिरणं एवढंच तिथे पुरेसं ठरलं असतं.

प्लेटोनं त्याच भागात देव असल्याचा पुरावाही दिला आहे आणि तो चांगला आहे: जे स्वतः गतिमान असतं तेच इतर गतींचं मूळ असू शकतं, आणि असं स्वयंगतिमान तत्त्व म्हणजे आत्मा. पुढे शतकानुशतकं या युक्तिवादाचे अवतार निघाले. पण पुरावा दिल्यावर लगेच तुरुंगाचा नकाशा काढला, की त्या पुराव्यावरचा विश्वासच डळमळीत दिसू लागतो. पटवून देण्याची ताकद असेल, तर पाच वर्षांचा बंदिवास कशाला लागतो?

याच्या शेजारी उदयनाचार्यांना ठेवून पाहा. दहाव्या शतकातले हे नैयायिक, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्यायदर्शनाचे पंडित. 'न्यायकुसुमांजली' हा ईश्वरसिद्धीवरचा त्यांचा ग्रंथ भारतीय तर्कशास्त्रातलं एक शिखर मानला जातो. सुरुवातीलाच ते एक मोठी विलक्षण यादी देतात. उपनिषदवाले याला शुद्धबुद्ध म्हणून भजतात, सांख्य आदिविद्वान सिद्ध म्हणून, शैव शिव म्हणून, वैष्णव पुरुषोत्तम म्हणून, बौद्ध सर्वज्ञ म्हणून, चार्वाकसुद्धा आपल्या परीनं, आणि कारागीर विश्वकर्मा म्हणून. मग शंका उरलीच कुठे? तरीही मी ही चर्चा करतो, कारण मनन हीही एक उपासनाच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर पाच स्तबकांत, म्हणजे प्रकरणांत, बौद्ध, मीमांसक, सांख्य, चार्वाक या सगळ्यांच्या आक्षेपांशी त्यांची झुंज चालते. भाषा धारदार आहे, कुणालाही सूट नाही. आणि ग्रंथ संपवताना ते ईश्वरालाच उद्देशून म्हणतात: श्रुती आणि युक्ती यांच्या पाण्यानं इतकं धुऊनही ज्यांच्या हृदयात तुला जागा मिळत नाही, त्यांची मनं दगडासारखी आहेत. पण विरोध करता करता का होईना, तेही तुझंच चिंतन करतात. तेव्हा हे करुणाघना, योग्य वेळी तूच कृपा करून त्यांना तार.

उदयनांचं मत बदललेलं नाही. न मानणारे चूक आहेत याबद्दल त्यांच्या मनात तीळमात्र शंका नाही. पण त्या चुकीचा निवाडा ते कुठल्याही परिषदेकडे सोपवत नाहीत. जो देवाविरुद्ध जीव तोडून वाद घालतो, तो देवाचा विचार करण्यात वेळ घालवतो आहे, हे त्यांना दिसतं. आणि उदासीन माणसापेक्षा तो त्यांना जवळचा वाटतो. उदयन पुरीच्या जगन्नाथाला भेटायला गेले आणि दार बंद दिसल्यावर रागानं म्हणाले की ऐश्वर्याच्या मदात तू माझी उपेक्षा करतोस, पण बौद्ध समोर उभे राहतात तेव्हा तुझं असणं माझ्या हातात असतं, अशी एक आख्यायिका आहे. खरीखोटी कशीही असो, तिच्यातून एक गोष्ट लख्ख दिसते: प्रतिपक्षाशिवाय आपलं काम नाही, हे या परंपरेला ठाऊक होतं.

यावरून पूर्व उदार आणि पश्चिम असहिष्णू असा निष्कर्ष कुणी काढू नये. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात तर्कशास्त्राचा आधार घेऊन वेदांचा अवमान करणाऱ्याला सज्जनांनी बहिष्कृत करावं, असा स्पष्ट आदेश आहे. बहिष्कार ही लहान शिक्षा नव्हे. चार्वाकांचे मूळ ग्रंथ आज हाती नाहीत. त्यांचं म्हणणं मुख्यतः विरोधकांनी उद्धृत केलेल्या वचनांतून कळतं. चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त पहिलं प्रकरण चार्वाकांचं आहे, पण तेही खंडन करण्यासाठीच मांडलेलं. प्लेटोची वाट आणि उदयनांची वाट या दोन्ही सगळीकडे सापडतात, अनेकदा एकाच गावात आणि एकाच शतकात.

इस्लामी जगातही तेच. अल-गझालीनं अकराव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञांचे वीस सिद्धांत तपासले. कार्यकारणभावाबद्दलची त्याची चिकित्सा इतकी सखोल आहे की तिची ह्यूमशी तुलना होते. पण वीसपैकी तीन मतं कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह, ठरवून, ती बाळगणारा मृत्युदंडाला पात्र, असा निर्णयही त्यानं ग्रंथाच्या शेवटी जोडला. जवळजवळ शंभर वर्षांनी कोर्डोबाचा काझी इब्न रुश्द यानं त्याला मुद्देसूद उत्तर दिलं: सत्य सत्याच्या विरोधात जाऊ शकत नाही, म्हणून बुद्धी वापरणं हे धर्माचंच कर्तव्य आहे. ११९५ मध्ये खुद्द इब्न रुश्दलाच हद्दपार व्हावं लागलं आणि त्याची तत्त्वज्ञानाची पुस्तकं जाळली गेली.

आता मुख्य मुद्दा. न मानणाऱ्याला शिक्षा का करायची, याचं सगळ्यात सभ्य आणि म्हणूनच सगळ्यात टिकाऊ कारण जॉन लॉकनं दिलं. १६८९ मध्ये प्रसिद्ध झालेलं त्याचं सहिष्णुतेवरचं पत्र आधुनिक धर्मस्वातंत्र्याच्या पायाभूत लेखनात मोडतं. सरकारचं काम माणसाचा जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता जपणं. आत्म्याचा उद्धार हे सरकारचं काम नाही आणि बळानं विश्वास निर्माणही करता येत नाही, हे लॉकनं किती स्वच्छ सांगितलं! आणि त्याच पत्रात नास्तिकांना त्यानं वगळलं. कारण काय, तर वचन, करार, शपथ ही समाजाची बंधनं. देव न मानणाऱ्यावर ती चालत नाहीत.

हे कारण आजही ऐकू येतं. देवाचं भय नाही तो कशाला भिणार? त्याच्यावर भरवसा कसा ठेवायचा? या प्रश्नाचं उत्तर लॉकच्या पत्राआधी सात वर्षं पिएर बेलनं दिलं होतं. १६८० साली दिसलेल्या धूमकेतूमुळे लोकांत भीती पसरली; तिचं निमित्त करून बेलनं १६८२ मध्ये लिहिलं की माणसं आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतच नाहीत. ती वागतात स्वभाव, सवय, वासना आणि लोकांत नाव राखण्याची इच्छा यांप्रमाणे. नरकावर पूर्ण विश्वास असलेल्या क्रुसेडच्या सैनिकांनी कसले अत्याचार केले ते पाहा. मग देव न मानणाऱ्यांचा समाजही लाज, अब्रू आणि कायदा यांच्या जोरावर सुरळीत चालू शकेल. बेल स्वतः प्रोटेस्टंट होता, हॉलंडमध्ये आश्रयाला आलेला. त्याच्या लेखनाचा सूड म्हणून फ्रान्समध्ये त्याच्या भावाला पकडलं आणि १६८५ मध्ये तो भाऊ तुरुंगात वारला. धार्मिक सत्तेची किंमत त्यानं घरातल्या मरणानं मोजली, आणि तरी न मानणाऱ्याची बाजू त्यानं सोडली नाही.

लॉकचं पत्र छापून आठ वर्षं होत नाहीत तोच, जानेवारी १६९७ मध्ये, एडिंबरात थॉमस एकनहेड या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला ईश्वरनिंदेबद्दल फाशी दिलं. त्यानं बायबलची आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या ख्रिस्ती त्रैक्याच्या सिद्धांताची मित्रांजवळ टिंगल केली होती. साक्ष त्या मित्रांचीच. त्यानं माफी मागितली, वयाचा विचार करा म्हणून विनवलं. फाशीच्या सुमारास लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की सत्याची न भागणारी ओढ प्रत्येक माणसात उपजतच असते आणि पुरलेला खजिना शोधावा तसं माणूस सत्य शोधतो. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात या मुलाचं नाव तळटिपेपुरतं येतं. ते ठळक अक्षरांत यायला हवं.

मग ह्यूमचं मरण. नास्तिक शेवटच्या घटकेला कोसळतो, हा तेव्हाचा लाडका समज. ७ जुलै १७७६ रोजी जेम्स बॉसवेल मरणाच्या दारात असलेल्या ह्यूमला मुद्दाम भेटला आणि परलोकाबद्दल विचारलं. आगीत टाकलेला कोळसा कदाचित न जळताही राहील, पण आपण अनंतकाळ राहू ही कल्पना फार अवाजवी आहे, असं ह्यूमनं शांतपणे सांगितलं. बॉसवेलच अस्वस्थ होऊन परतला. ह्यूम गेल्यावर ॲडम स्मिथनं एका प्रकाशित पत्रात लिहिलं की मानवी दुर्बलता जितकी परवानगी देईल तितका हा माणूस संपूर्ण शहाणा आणि सद्गुणी होता. ब्रिटनच्या सबंध व्यापारव्यवस्थेवर केलेल्या जहाल हल्ल्यापेक्षा दहापट जास्त शिव्या त्या एका पत्रानं आपल्याला मिळवून दिल्या, असं स्मिथनं पुढे नोंदवलं. न मानणारा चांगला असू शकतो, हे वाक्य देव नाही या वाक्यापेक्षाही लोकांना जास्त झोंबतं.

अशा वातावरणात लिहिलेल्या पुस्तकांतली श्रद्धा किती खरी मानायची? गॅलिलिओला १६३३ मध्ये शिक्षा झाल्याचं कळताच देकार्तनं विश्वावरचा आपला ग्रंथ बासनात बांधून ठेवला. वयाच्या तेविसाव्या वर्षी ज्यू समाजानं बहिष्कृत केलेल्या स्पिनोझाचा मुख्य ग्रंथ तो वारल्यावर, १६७७ मध्ये बाहेर आला. धर्मावरचे ह्यूमचे संवाद त्याच्या मरणानंतर तीन वर्षांनी छापले गेले. आणि कांट! १७९४ मध्ये प्रशियाच्या राजानं धर्मावरच्या लेखनाबद्दल सत्तर वर्षांच्या कांटला तंबी दिली. कांटनं लिहून दिलं की महाराजांचा एकनिष्ठ प्रजाजन या नात्यानं मी धर्मावर यापुढे जाहीरपणे बोलणार नाही. राजा १७९७ मध्ये वारला. आपलं वचन त्या महाराजांपुरतंच होतं, असं सांगून कांटनं पुढच्याच वर्षी सगळा पत्रव्यवहार छापला. स्वतःची बुद्धी वापरायचं धैर्य दाखवा, असं जगाला सांगणाऱ्या माणसाला तीन-चार वर्षं शब्दांत पळवाट ठेवून गप्प बसावं लागलं. यात नुकसान श्रद्धाळूंचंही आहे. नाही म्हटल्यावर शिक्षा होते अशा जागी कुणी हो म्हटलं, तर त्या होकारावरून काहीच कळत नाही.

हा दोष फक्त धार्मिक सत्तेचा असता तर प्रश्न सोपा होता. धर्म म्हणजे अफू हे मार्क्सचं अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. १८४४ च्या त्या लेखात त्याच्या लगेच आधी धर्म हा पिचलेल्या जीवाचा उसासा आणि हृदयशून्य जगाचं हृदय आहे, असंही म्हटलेलं आहे. त्याचं नाव घेणाऱ्या सत्तेनं ते पहिलं वाक्य विसरून टाकलं. १९२२ मध्ये लेनिनच्या सरकारनं बेर्दियाएव, फ्रँक, लॉस्की अशा धर्मनिष्ठ तत्त्वज्ञांना जहाजांवर चढवून देशाबाहेर काढलं. धर्मगुरू, गणिती आणि तत्त्वज्ञ असलेल्या पावेल फ्लोरेन्स्कीला छावणीत टाकलं आणि डिसेंबर १९३७ मध्ये गोळ्या घातल्या. फ्लोरेन्स्की आणि एकनहेड यांची मतं दोन टोकांची. दोघांनाही मारणारा विचार एकच आहे: काय मानावं हे सरकार ठरवील.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याला उत्तर द्यायला हवं. श्रद्धा हा काही नुसता सिद्धांत नसतो. ती माणसाच्या दुःखातली सोबत असते, आईबापांची आठवण असते. तिच्यावर घाव घातला तर माणूस खरोखर दुखावतो. हे मला मान्य आहे, आणि मुद्दाम दुखवायला लिहिणाऱ्याबद्दल मला आदर नाही. माणसांवर हल्ला करा, त्यांची प्रार्थनास्थळं फोडा असं सांगणाऱ्याला कायद्यानं अडवलंच पाहिजे. तो देवाविषयी बोलत नसून शेजाऱ्याच्या जिवाविषयी बोलत असतो. पण दुखावलं जाणं हाच निकष केला, तर कुमारिलही दोषी ठरतो, झेनोफनीजही ठरतो. शिवाय अशा कायद्याचं संरक्षण संख्येनं मोठ्या गटाच्या भावनांनाच मिळतं. नव्या श्रद्धेचा माणूस तिथे सगळ्यात आधी आरोपी होतो. ख्रिस्ताला ईश्वरनिंदक ठरवूनच मारलं, याची आठवण जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ मध्ये करून दिली, आणि रोमचा सगळ्यात विचारी सम्राट मार्कस ऑरेलियस यानं ख्रिश्चनांचा छळ होऊ दिला, याचीही.

लॉकच्या शपथेच्या युक्तिवादाचा निकालही मिलनंच लावला. त्याच्या काळात इंग्लंडमध्ये देव मानत नसल्याचं प्रामाणिकपणे सांगितल्यामुळे दोघांना ज्यूरीतून वगळलं होतं आणि चोराविरुद्ध तक्रार घेऊन आलेल्या एकाला त्याच कारणानं न्याय नाकारला होता. मिल म्हणतो, या नियमानं न मानणाऱ्यांपैकी कोण बाहेर पडतं? जो खरं बोलतो तो. जो न मानताही खोटी शपथ घेतो, त्याची साक्ष चालते. खोटं बोलणाऱ्यापासून न्यायालय वाचावं म्हणून केलेला नियम खोटं बोलणाऱ्यालाच आत घेतो. देवाची शपथ न घेता गंभीर प्रतिज्ञा करण्याचा पर्याय ब्रिटनमध्ये १८८८ च्या कायद्यानं सर्वांना मिळाला, लॉकच्या पत्रानंतर १९९ वर्षांनी. त्यानं समाजाची बंधनं तुटली नाहीत. करार पाळले जातच राहिले.

धर्म सोडणाऱ्याला मृत्युदंड देण्याची तरतूद काही देशांच्या कायद्यांत आजही आहे, आणि जिथे कायदा नाही तिथे जमाव ते काम करतो. या तरतुदी जायला हव्यात, आणि ही मागणी श्रद्धावान विचारवंतांनी पुढे होऊन करायला हवी. न मानणाऱ्यांनी ती केली तर ती स्वार्थाची म्हणून बाजूला सारली जाते. बेलनं ते केलं, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आलं. दुसरं काम शिकवणाऱ्यांचं आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ईश्वराचे पुरावे एका सत्रात आणि आक्षेप भलत्याच सत्रात, किंवा आक्षेप मुळीच नाहीत, असं करू नये. नैयायिकांच्या ईश्वरसिद्धीबरोबर तिचं खंडन करणारा बौद्ध रत्नकीर्तीही त्याच आठवड्यात वाचून घ्यावा, आणि परीक्षेत विद्यार्थ्याला त्याला न पटणाऱ्या बाजूनं उत्तर लिहायला सांगावं, विरोधकालाही मान डोलवावी लागेल इतक्या नेमकेपणानं.